द्राक्षकाडीपासून कडक फोम : प्रकल्प नोंदी, नाशिक

१३ एप्रिल २०२५

निफाड तालुक्यात खरड छाटणी उरकत आली. दाजींच्या बागेत ओळीओळीत काड्या पडल्या आहेत. काही जण श्रेडर फिरवून त्यांचा चुरा बागेतच मुरवतात आणि ते उत्तमच आहे. पण बऱ्याच काड्या अजूनही बांधावर ओढून पेटवल्या जातात. या दिवसांत ओझरहून पिंपळगाव बसवंतकडे निघालं की हमरस्त्याच्या दोन्ही अंगांना धूर दिसतो. त्या जळणाऱ्या काड्यांसाठी हा प्रकल्प आहे.

बेत असा : काडीचा बारीक भुसा तापलेल्या अल्कोहोलांत आम्लाच्या मदतीनं विरघळवायचा, त्यातून पॉलिऑल (आयसोसायनेटशी जुळणारे बरेच गट असलेला दाट द्रव) मिळवायचं आणि ते आयसोसायनेट या दुसऱ्या घटकाशी जोडून पॉलियुरेथेनचा कडक फोम करायचा. शीतगृहाच्या भिंतींत, फ्रिजच्या दारात भरलेला असतो त्या जातीचा. पॉलियुरेथेनचं रसायन जुनं आहे, जर्मनीत लेव्हरकुसेनला ऑटो बायरनं १९३७ मध्ये मांडलेलं. पॉलिऑल मात्र आजही मुख्यतः खनिज तेलापासूनच येतं.

काडीच का घेतली, तेही लिहून ठेवते. उसाच्या चिपाडाला कचरा म्हणण्यात अर्थ नाही, साखर कारखाने ते बॉयलरमध्ये जाळून वाफ आणि वीज करतात. मक्याचं ताट जनावरांच्या दावणीत जातं. लासलगावच्या खळ्यांवर कांद्याच्या पापुद्र्यांचे ढीग असतात, पण त्यांत राख जास्त आणि राख आम्ल खाते. मक्याची बुरकुंडं चांगली विरघळतील, ती मागे ठेवली आहेत. द्राक्षकाडीला सध्या कोणी विचारत नाही, आणि ती दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच बागेत, एका जागी गोळा झालेली मिळते.

१९ एप्रिल

काडी तयार करणं. दाजींनी आधीच सांगून ठेवलं होतं की बुडख्याकडच्या जुन्या लाकडावर बोर्डो पेस्ट लागलेली असते, ते घेऊ नकोस. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना. चुना आपल्या सल्फ्युरिक आम्लाशी मिळून जिप्सम करतो, म्हणजे उत्प्रेरक तिथेच खर्ची पडतो. म्हणून फक्त वर्षाची काडी घेतली, दोनदा पाण्यानं धुतली, पत्र्यावर उन्हात वाळवली. पशुखाद्य करणाऱ्या एका ओळखीच्या गिरणीत हॅमर मिल आहे, तिथे दळून आणली. चाळून ०.४ मिलिमीटरखालचा भुसा ठेवला, १०५ अंशांवर रात्रभर सुकवला आणि झाकणाच्या बरण्यांत भरला. पाण्याचा अंश राहिला तर पुढचं सगळं गणित हलतं.

२७ एप्रिल

अंबड औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात पहिलं द्रवीकरण. गाळा मैत्रिणीचा आहे, तिची रेझिन तपासण्याची छोटी प्रयोगशाळा. वाफा बाहेर ओढणारं धुराडं चांगलं आहे, म्हणूनच इथे काम करायला मी तयार झाले.

प्रमाण : भुसा १०० ग्रॅम, पॉलिइथिलीन ग्लायकॉल-४०० ३२० ग्रॅम, ग्लिसरीन ८० ग्रॅम, सल्फ्युरिक आम्ल १२ ग्रॅम. म्हणजे द्रावक भुशाच्या चौपट आणि आम्ल द्रावकाच्या ३ टक्के. तीन तोंडांचा फ्लास्क, हीटिंग मँटल, स्टरर, कंडेन्सर. तापमान १५० अंश. आम्ल आधी द्रावकात थेंबाथेंबानं मिसळलं, द्रावक तापल्यावर भुसा थोडा थोडा सोडला. एकदम टाकला तर गुठळ्या होतात आणि गुठळीचं पोट कोरडंच राहतं.

पहिली दहा मिनिटं नुसता चिखल ढवळल्यागत वाटतं. मग रंग तांबूस होतो, पुढे काळपट, आणि अर्ध्या तासानं स्टररची घरघर थांबून तो मोकळा फिरू लागतो. भाजलेल्या साखरेचा वास येतो. तासाभरानं काचेच्या दांडीवरून काकवीसारखी धार पडते.

आत काय घडतं? लिग्निन आणि हेमिसेल्युलोज आधी सुटतात. सेल्युलोजचा विस्कळीत भाग त्यांच्या मागोमाग जातो. घट्ट स्फटिकी सेल्युलोज शेवटपर्यंत झुंजतं. त्याच्या साखळ्या आम्लानं तुटतात, तुटलेल्या टोकांना ग्लायकॉल आणि ग्लिसरीन येऊन चिकटतात आणि ग्लुकोसाइड तयार होतात. शेवटी जे उरतं त्यात भरपूर हायड्रॉक्सिल गट असतात. फोमला तेच हवे असतात.

३ मे

किती वेळ शिजवायचं? आजचा पूर्ण दिवस या एका प्रश्नाला दिला, कारण फोमचा कस इथेच ठरतो.

दर अर्ध्या तासाला नमुना काढला, मिथेनॉलनं पातळ करून गाळला, गाळणीवरचा साका सुकवून तोलला. मूळ काडीच्या तुलनेत न विरघळलेला भाग असा :

३० मिनिटं – ३८ टक्के
६० मिनिटं – १७ टक्के
९० मिनिटं – ९ टक्के
१२० मिनिटं – ११ टक्के

शेवटचा आकडा वाढलेला दिसतो, तो तोलण्यातला फरक नाही. नमुना पुन्हा घेतला, तसाच आला. एकदा सुटलेले लिग्निनचे तुकडे जास्त वेळ आम्लात तापले की आपसांत आणि सेल्युलोजच्या तुकड्यांशी पुन्हा जुळतात आणि न विरघळणारं नवंच काहीतरी खाली बसतं. हा साका काडीचा राहिलेलाच नसतो. नुसतं ग्लायकॉल वापरलं तर ही पुनर्जुळणी लवकर सुरू होते, ग्लिसरीन तिला मागे ढकलतं. पाचवा हिस्सा ग्लिसरीन घालायचं कारण तेच.

मैत्रिणीचं म्हणणं होतं की साका सर्वांत कमी तिथे थांब, एवढं सोपं आहे. मला तसं वाटत नाही. वेळ वाढतो तसे हायड्रॉक्सिल गटही आपसांत जुळून कमी होतात आणि द्रव घट्ट होत जातो. साका आणि हायड्रॉक्सिल हे दोन्ही आकडे शेजारी ठेवल्याशिवाय थांबण्याची वेळ ठरू नये.

१० मे

हायड्रॉक्सिल क्रमांक, म्हणजे एका ग्रॅममध्ये हायड्रॉक्सिल गट किती याचं माप. थॅलिक अनहायड्राइड आणि पिरिडीनची नेहमीची पद्धत, मग सोडियम हायड्रॉक्साइडनं टायट्रेशन. नमुना इतका काळा की फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी रंग दिसायची सोयच नाही. पीएच मीटर लावून वक्र काढला आणि त्यावरून शेवटचा बिंदू घेतला. काळ्या द्रवांसाठी हाच मार्ग.

६० मिनिटांना ३३५, ९० मिनिटांना ३१०, १२० मिनिटांना २६२. एकक मिलिग्रॅम केओएच दर ग्रॅमला. ९० मिनिटं पक्की केली.

१७ मे

पॉलिऑलमध्ये आम्ल तसंच ठेवलं तर पुढे अमाइन उत्प्रेरक त्याच्याशीच संपतो आणि फोम वर येत नाही. सोडियम हायड्रॉक्साइडच्या दाट द्रावणानं पीएच ७ च्या आसपास आणला. मग निर्वातात ८० अंशांवर पाणी काढलं. द्रवीकरणात पाणी सुटतंच, त्यात हे आपण घातलेलं. कार्ल फिशर या ओलावा मोजण्याच्या यंत्रावर ओलावा ०.६ टक्के आला. तो गणितात धरणार.

पॉलिऑल गाळलं नाही. ९ टक्के साका बारीक आहे, तो फोममध्ये भरण म्हणून चालेल. गाळायचं तर मिथेनॉल ओतायचं, मग ते उडवून परत मिळवायचं, आणि एवढ्या खटाटोपात काडीचाच भाग फेकून द्यायचा. ते मला पटत नाही.

२५ मे

पहिला फोम.

आधी सुरक्षेचं, कारण हे वाचून कोणी घरी करून पाहील अशी मला भीती वाटते. आपण वापरतो ते एमडीआय हे आयसोसायनेट आहे. भोपाळचा वायू मिथाइल आयसोसायनेट होता. त्याच्या तुलनेत एमडीआय फारच कमी उडतं. तरीही त्याची वाफ किंवा तुषार श्वासात गेले तर दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर संवेदनशील झालं की पुढे अगदी थोड्यानंही त्रास होतो. म्हणून धुराडं चालू, नायट्राइल हातमोजे, चष्मा, योग्य कार्ट्रिजचा मास्क. एमडीआयचा डबा ओलसर झाल्यावर झाकण घट्ट लावायचं नाही, आत कार्बन डायऑक्साइड साठून डबा फुगतो. घरात, स्वयंपाकघरात, गच्चीवर हे करू नये.

फुगवण्यासाठी फक्त पाणी वापरतेय. पूर्वी कडक फोम फुगवायला एचसीएफसी-१४१बी हे रसायन सर्रास वापरत. ते ओझोनच्या थराला मारक, आणि भारतात १ जानेवारी २०२० पासून बंद झालं. पाण्याचं काम सरळ आहे : आयसोसायनेटशी मिळून कार्बन डायऑक्साइड सोडतं, तोच वायू फोमच्या पेशी फुगवतो.

गणित १०० ग्रॅम पॉलिऑलसाठी. ५६१०० भागिले ३१० म्हणजे तुल्यभार (एका जुळणाऱ्या गटामागचं वजन) १८१, म्हणून पॉलिऑल ०.५५३ तुल्य. पाणी, ओलावा धरून, ३ ग्रॅम. त्याचा तुल्यभार ९, म्हणून ०.३३३. बेरीज ०.८८६. निर्देशांक १.१ धरला, म्हणजे एमडीआय गरजेपेक्षा दहा टक्के जास्त, की ०.९७५. पॉलिमेरिक एमडीआयमध्ये एनसीओ (आयसोसायनेटचा जुळणारा गट) ३१ टक्के, तुल्यभार १३५.५. म्हणजे १३२ ग्रॅम एमडीआय. पेशी सारख्या ठेवणारा सिलिकॉन सरफॅक्टंट २ ग्रॅम, अमाइन आणि कथिलाचा उत्प्रेरक मिळून दीड ग्रॅम.

पॉलिऑल, पाणी, सरफॅक्टंट, उत्प्रेरक आधी ढवळून घेतले. एमडीआय ओतून दहा सेकंद जोरात ढवळलं आणि कागदी साच्यात रिकामं केलं. पंचवीस सेकंदांत रंग फिकट झाला, साधारण दोन मिनिटांत फोम वर येऊन थांबला. तपकिरी, बारीक पेशींचा, वरचा घुमट गुळगुळीत. घनता दर घनमीटरला ३४ किलो. बाजारातला कडक फोम ३० ते ४० च्या दरम्यान असतो.

मैत्रिणीनं गाळ्याचं शटर वर केलं आणि समोरच्या गाळ्यातल्यांना बोलावून दाखवलं. मला फार आनंद झाला आहे.

१ जून

आठवड्यात ठोकळ्याच्या बाजू आत ओढल्या गेल्या. कारण माहीत असलेलं आहे. बंद पेशींतला कार्बन डायऑक्साइड भिंतीतून भराभर बाहेर जातो, हवा मात्र सावकाश आत येते. मधल्या काळात पेशीतला दाब उतरतो आणि भिंत मऊ असेल तर ती दबते. पॉलिइथिलीन ग्लायकॉलची लांब साखळी भिंतीला मऊपणा देते.

पाणी ३ वरून २.५ ग्रॅमवर आणलं आणि फोम रात्रभर ६० अंशांवर ठेवला. घनता ४१ झाली. बाजू सरळ आहेत.

८ जून

दाजी कामासाठी नाशकात आले होते, ठोकळा हातात घेऊन पाहिला. दाबला, नखानं खरवडला, वास घेतला. मग म्हणाले, "चांगलं झालंय. पण यात माझ्या काड्या किती गं?"

मी त्यांच्यासमोरच वही काढली. १०० ग्रॅम पॉलिऑलमध्ये काडी १९.५ ग्रॅम. पाणी २.५ ग्रॅम केल्यावर एमडीआय १२४ ग्रॅम. बाकीचं धरून आणि उडून गेलेला ६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड वजा करून फोम भरतो २२४ ग्रॅम. म्हणजे शंभर ग्रॅम फोममध्ये काडी साधारण ९ ग्रॅम.

दाजी म्हणाले, "मग बाकीचं?"

बाकीचं बहुतेक खनिज तेलातून आलेलं. ग्लायकॉल तेलातलं, एमडीआय तेलातलं. फक्त ग्लिसरीन वनस्पती तेलातून येऊ शकतं. शेतकचऱ्याच्या फोमबद्दल उत्साहानं लिहिलेलं मी खूप वाचलं आहे, आणि त्यात पॉलिऑलमध्ये काडी किती हे असतं, फोममध्ये किती हे क्वचित असतं. शेतकऱ्याला हाच आकडा आधी सांगायला हवा. त्याच्या बांधावरचा माल किती उचलला जाणार हे त्यावरच ठरतं. आजपासून प्रत्येक बॅचच्या वर पहिल्या ओळीत हा आकडा लिहिणार : फोममधली काडी, वजनाच्या टक्क्यांत.

आता काम बदललं. फोम होतो हे कळलं आहे. तो ९ चा आकडा वर कसा न्यायचा, हा यापुढचा प्रकल्प.

२२ जून

द्रावक चौपटीवरून तिपटीवर आणलं. पहिली वीस मिनिटं भुसा भिजतच नाही, स्टररची मोटर तापते. म्हणून भुसा चार हप्त्यांत सोडला. आधीचा पातळ झाला की पुढचा. साका १४ टक्के, हायड्रॉक्सिल २७०. द्रव दाट, पण ४० अंशांवर कोमट केला की ओतता येतो.

हायड्रॉक्सिल उतरल्याचा इथे फायदाच होतो, एमडीआय कमी लागतं : १०० ग्रॅमला ११३. फोममधली काडी : ११.५ टक्के. घनता ४४. पेशी थोड्या मोठ्या आणि असमान, साक्याच्या कणांभोवती फुटलेल्या दिसतात. तळहातानं दाबल्यावर आधीच्याइतकाच टणक.

१२ जुलै

पावसाळी हवा. ग्लायकॉल आणि ग्लिसरीन दोन्ही हवेतली ओल ओढतात, म्हणून प्रत्येक वेळी ओतण्याआधी कार्ल फिशर. हे टाळून चालणार नाही.

ग्लिसरीनचा प्रयोग. वापरलेल्या खाद्यतेलापासून बायोडिझेल करताना ग्लिसरीन उपपदार्थ म्हणून निघतं. त्यात साबण असतो, आणि साबण आपलं आम्ल खातो. म्हणून आधी आम्ल घालून साबण फोडला, वर तरंगलेली फॅटी आम्लं वेगळी केली. मग द्रावकात अर्धं ग्लायकॉल आणि अर्धं हे ग्लिसरीन, भुशाच्या तिप्पट.

हायड्रॉक्सिल क्रमांक थेट ४५०. यात नवल नाही. शुद्ध ग्लिसरीनचा क्रमांक १८२९ आहे, ग्लायकॉल-४०० चा २८० च्या आसपास. पण हायड्रॉक्सिल वाढलं की एमडीआयही तेवढं वाढतं : १०० ग्रॅमला १६१. फोममधली काडी : ९.३ टक्के. म्हणजे आकडा पुन्हा खाली. काडी आणि ग्लिसरीन मिळून वनस्पतीतून आलेलं धरलं तर मात्र फोमच्या वजनाचा २३ टक्के भाग होतो, आधीच्या बॅचमध्ये तो १८ होता.

यावर मैत्रिणीशी बराच वेळ बोलले. ती म्हणते २३ टक्क्यांची बॅच चांगली, तेल कमी लागतं तीच खरी. पण त्या बॅचला एमडीआय सर्वांत जास्त लागतं, आणि एमडीआय हाच यातला सर्वांत महाग आणि सर्वांत जपून हाताळायचा पदार्थ. शिवाय फोम ठिसूळ झाला, कडा बोटानं भुगा होऊन पडतात. मी द्राक्षकाडीसाठी निघाले आहे. म्हणून ११.५ ची बॅच पुढे नेतेय.

२० जुलै

बर्फाची चाचणी. आतून २० सेंटिमीटरचा चौकोनी डबा, भिंत ४ सेंटिमीटर. एक आपल्या फोमच्या पाट्या जोडून केलेला, दुसरा त्याच मापाचा थर्माकोलचा. दोन्हींत सारखा बर्फ, खाली जाळी, पाणी नळीनं बाहेर. खोलीत २६ अंश. सुरुवातीचा तास सोडून दिला, डब्याच्या भिंती थंड व्हायला तो लागतो.

पुढच्या दहा तासांत थर्माकोलच्या डब्यातून ८३० ग्रॅम पाणी, आपल्या डब्यातून ७८०. एक ग्रॅम बर्फ वितळायला ३३४ जूल लागतात. त्यावरून आपल्या फोमची उष्णता-वाहकता ०.०३३ वॅट दर मीटर-केल्व्हिन येते, थर्माकोलची ०.०३५. घरगुती मांडणी आहे, पाट्यांच्या जोडातून थोडी उष्णता जातेच, तरी दोन्ही डबे एकाच खोलीत एकाच दिवशी चालवले, म्हणून तुलना धरण्याजोगी आहे.

कारखान्यात केलेला ताजा कडक फोम ०.०२५ च्या खालीही जातो, कारण त्याच्या बंद पेशींत जड, कमी वाहक वायू कोंडलेला असतो. आपल्या पेशींत आता बहुतेक हवा आहे. पाण्यानं फुगवलं की हे पत्करावं लागतं.

३ ऑगस्ट

दोन प्रश्न सगळेच विचारतात, त्यांची उत्तरं वहीत एकदाची लिहून ठेवते.

हा फोम मातीत कुजतो का? तसं मी कोणाला सांगणार नाही. काडी आता काडी राहिलेली नाही, ती युरेथेनच्या जाळ्यात विणली गेली आहे. ते जाळं वितळवून पुन्हा ओतताही येत नाही. काडीपासून केलाय म्हणून बांधावर टाकून द्यावा असा हा माल नव्हे.

जळतो का? हो. धुराड्याखाली एक तुकडा पेटवून पाहिला, ज्योत झपाट्यानं चढते आणि धूर काळा निघतो. पॉलियुरेथेनच्या धुरात हायड्रोजन सायनाइड असू शकतं. म्हणून उघड्या पाट्या कुठेही लावायच्या नाहीत. दोन्ही बाजूंना पत्रा, आणि पुढच्या बॅचमध्ये ज्वालारोधक. ओतण्याच्या कामातही आच आहे : अभिक्रियेची उष्णता मोठ्या ठोकळ्याच्या पोटात कोंडते, आतून करपतो, पेटूही शकतो. त्यामुळे एका साच्यात अर्धा किलोपेक्षा जास्त ओतत नाही.

१७ ऑगस्ट

दाजींच्या ओळखीचं एक पॅकहाउस आहे. हंगामात तिथे द्राक्षं शून्य अंशाजवळ उतरवून ठेवतात. प्री-कूलिंगच्या खोलीत जाणाऱ्या थंड पाइपच्या एका तुकड्यावर आपलं आवरण घालून द्यायला मालक राजी आहेत, बाहेरून पत्र्याची नळी चढवून. शेजारी नेहमीचं आवरण राहील. जानेवारी ते मार्च दोन्हींवर बाष्प किती धरतं ते पाहू.

मालकांनी कागदावर काय लिहायचं ते विचारलं. मी लिहून दिलं : "पॉलियुरेथेन कडक फोम, पाण्यानं फुगवलेला, घनता ४४. वजनाचा ११.५ टक्के भाग द्राक्षकाडी." दाजी म्हणाले साडेअकरा हे कोणाला कमी वाटेल. वाटू दे, तेवढीच आहे.

ऑक्टोबर छाटणीच्या काड्या वेगळ्या बांधून ठेवायला त्यांना सांगितलं आहे. त्या आल्या की पहिली बॅच अडीचपट द्रावकात लावणार, भुसा सहा हप्त्यांत, आणि स्टररला मोठी मोटर बसवून.